कॅप्चा बरोबर, तरी चुकीचा दाखवतो : दोन सर्व्हरवर सेशन कसं सांभाळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयीन प्रवेशाचे अर्ज भरून घेणारं एक पोर्टल, पीएचपीत लिहिलेलं, आजवर एकाच सर्व्हरवर चालत होतं. यंदा शेवटच्या दिवशी दहा-बारा हजार विद्यार्थी एकाच वेळी येतील म्हणून दोन सर्व्हर घेतले आणि पुढे एनजिनएक्स हा लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांत वाटून देणारा) म्हणून लावला. तेव्हापासून विद्यार्थी मध्येच लॉगआउट होतात, कॅप्चा बरोबर टाकला तरी चुकीचा दाखवतो, भरलेली माहिती गायब होते. आयपी-हॅश (विद्यार्थ्याच्या आयपी पत्त्यावरून त्याचा सर्व्हर ठरवणं) लावल्यावर तक्रारी कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. मग आता स्टिकी सेशन (विद्यार्थ्याला एकाच सर्व्हरला चिकटवून ठेवणं) नीट लावायचं, रेडिस (स्मृतीत माहिती ठेवणारा, सगळ्या सर्व्हरना वापरता येणारा डेटाबेस) घ्यायचं, की जेडब्ल्यूटीकडे (सही केलेलं टोकन वापरकर्त्याच्याच हातात देणं) जायचं?

माझं उत्तर: सेशन, म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याबद्दल सर्व्हरने लक्षात ठेवलेली माहिती, दोन्ही सर्व्हरच्या बाहेर, एका सामाईक जागी न्या. मात्र त्याआधी तुमच्या सेशनमध्ये काय काय भरून ठेवलंय ते उघडून बघा. अर्धवट भरलेला अर्ज जर सेशनमध्ये राहत असेल, तर रेडिस आणूनही तो कधीतरी हरवणारच. आधी हे का होतंय ते सांगतो, कारण कारण कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

एचटीटीपीला आधीच्या विनंतीची आठवण नसते. आत्ता आलेला माणूस मघाचाच आहे का, हे त्याला कळत नाही. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू मॉन्टुली यांनी कुकी आणली. ब्राउझर एक क्रमांक जवळ बाळगतो आणि प्रत्येक विनंतीसोबत दाखवतो. मोठ्या रुग्णालयात जुन्या पेशंटच्या हातात फक्त कार्डावरचा नंबर असतो आणि फाइल रेकॉर्ड रूममध्ये असते, तसंच हे. सेशन म्हणजे ही फाइल. पीएचपीत मूळ मांडणीप्रमाणे ती खरोखरच फाइल असते, आणि ती असते त्या त्या सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर. म्हणजे दोन सर्व्हर घेतले तेव्हा तुमच्याकडे दोन रेकॉर्ड रूम झाल्या, आणि पेशंटच्या हातातला नंबर मात्र एकच राहिला.

तुमच्या कॅप्चाचंच बघा. विद्यार्थी लॉगिनचं पान उघडतो, ती विनंती पहिल्या सर्व्हरकडे जाते. पानावरचं कॅप्चाचं चित्र ही वेगळी विनंती, ती दुसऱ्याकडे जाते. दुसऱ्या सर्व्हरकडे त्या क्रमांकाची फाइल नसते, पण पीएचपीचा स्ट्रिक्ट मोड मुळात बंद असल्यामुळे तो अनोळखी क्रमांकही स्वीकारतो, त्याच नावाची नवी फाइल काढतो आणि कॅप्चाची अक्षरं तिच्यात लिहितो. विद्यार्थी ती अक्षरं बिनचूक टाइप करून बटण दाबतो, ही विनंती पुन्हा पहिल्या सर्व्हरकडे. त्याच्या फाइलीत ती अक्षरं नाहीतच. विद्यार्थी चष्मा पुसून पुन्हा टाकतो, पुन्हा तेच. बिचाऱ्याची काहीच चूक नसते.

याच कारणाने लॉगिन आलटून-पालटून असल्या-नसल्यासारखं दिसतं. आणि कुणी सुरक्षेसाठी स्ट्रिक्ट मोड चालू केला असेल, तर दुखणं आणखी ठळक होतं: दुसरा सर्व्हर अनोळखी क्रमांक नाकारतो, नवा देतो, जुनी कुकी पुसली जाते, आणि विद्यार्थी कायमचा बाहेर. पण म्हणून स्ट्रिक्ट मोड बंद करू नका. तो चालूच हवा. तो फक्त असलेलं दुखणं लवकर दाखवतो.

आता आयपी-हॅश का पुरला नाही ते. एनजिनएक्सचा आयपी-हॅश आयपीव्ही४ पत्त्याचे पहिले तीनच भाग बघतो. २०३.०.११३.१० आणि २०३.०.११३.२०० हे त्याच्या लेखी एकच. शिवाय एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षातले साठ संगणक बाहेरच्या जगाला बहुधा एकाच पत्त्याने दिसतात. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे बसवतात. त्यामुळे एका सर्व्हरवर झुंबड आणि दुसरा रिकामा, असं होतं. उलट बाजूही आहे: घरच्या वाय-फायवर अर्ज भरणारा मुलगा वीज गेली म्हणून मोबाइल डेटावर येतो, त्याचा पत्ता बदलतो, आणि तो दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन पडतो. तुमच्या उरलेल्या तक्रारी बहुतेक याच. एनजिनएक्सच्या पुढे विनंत्या मध्ये घेऊन पुढे पाठवणारा आणखी एखादा प्रॉक्सी किंवा सीडीएन असेल आणि खरा पत्ता उचलायची मांडणी केलेली नसेल, तर सगळेच विद्यार्थी एनजिनएक्सला त्या प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आलेले दिसतात.

पत्त्याऐवजी कुकीवरून चिकटवणं यापेक्षा खूप बरं. एचएप्रॉक्सी या दुसऱ्या लोड बॅलन्सरमध्ये ही सोय एका ओळीची आहे: 'कुकी एसआरव्ही इन्सर्ट इनडायरेक्ट नोकॅश', आणि प्रत्येक सर्व्हरच्या ओळीत त्याचं कुकी-नाव. 'इन्सर्ट' म्हणजे ही कुकी एचएप्रॉक्सी स्वतः घालतो, 'इनडायरेक्ट' म्हणजे ती तुमच्या ॲप्लिकेशनपर्यंत पोचू देत नाही, आणि 'नोकॅश' म्हणजे मधल्या कुठल्या कॅशने ते उत्तर साठवून दुसऱ्याच माणसाला देऊ नये याची काळजी. आज रात्री तक्रारी थांबवायच्या असतील तर हेच करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पण हा उपाय तात्पुरता समजा. चिकटवलेला सर्व्हर बंद पडला की त्याच्यावरचे सगळे विद्यार्थी एका क्षणात बाहेर. दुरुस्ती चढवायची असेल तर आधी सर्व्हरला ड्रेनमध्ये टाका, म्हणजे नवे लोक येत नाहीत आणि जुने आपलं काम करत राहतात, आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत वाट बघा. प्रवेशाच्या दिवसांत तो शेवटचा माणूस रात्री बारापर्यंत जात नाही. सगळ्यात वाईट म्हणजे, संध्याकाळी पाच वाजता गर्दी असह्य झाली म्हणून तिसरा सर्व्हर जोडलात, तर त्याच्याकडे फक्त नवे येणारे जातात. आधीचे आठ हजार जुन्या दोघांनाच चिकटून राहतात, आणि गुदमरत असतात तेही तेच दोघं.

आता मुख्य गोष्ट. सेशनमध्ये काय असावं? माझ्या मते पाच-सहा बारीक गोष्टी: वापरकर्त्याचा क्रमांक, लॉगिनची वेळ, भूमिका, निवडलेली भाषा, सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला याची खूण), आणि क्षणभरासाठी तो कॅप्चा. ज्या गोष्टीसाठी विद्यार्थ्याने टाइप करायचे कष्ट घेतले ती सेशनमध्ये नसावी. तुम्ही पाच पानांचा अर्ज सेशनमध्ये जमवून शेवटच्या 'सबमिट'ला एकदम डेटाबेसमध्ये घालताय, हे तुमच्या वर्णनावरून स्पष्ट दिसतं. ते बदला. पहिलं पान भरलं की अर्जाची ओळ 'मसुदा' स्थितीत डेटाबेसमध्ये तयार व्हावी, आणि प्रत्येक पानाला तीच ओळ पुढे भरत जावी. मग सेशन गेलं तरी विद्यार्थी पुन्हा लॉगिन करतो आणि होता तिथून सुरू करतो. दहावीचे विषयवार गुण दोनदा टाइप करायला लागणं आणि एकदा पुन्हा ओटीपी टाकायला लागणं, यात किती फरक आहे हे त्या मुलालाच विचारा.

याला जोडूनच एक गोष्ट, जी महाराष्ट्रात अर्ज भरून घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवी. बरेच विद्यार्थी स्वतः अर्ज भरत नाहीत. आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत बसलेला ऑपरेटर भरून देतो. त्याच्या समोर रांग असते. तो एका टॅबमध्ये एकीचा अर्ज उघडतो, तिचं जातीचं प्रमाणपत्र स्कॅन होईपर्यंत दुसऱ्या टॅबमध्ये पुढच्याचा उघडतो. ब्राउझर एक, कुकी एक, म्हणून सेशनही एकच. तुमच्या कोडमध्ये 'चालू अर्ज क्रमांक' सेशनमध्ये असेल, तर दुसरा टॅब उघडताच तो बदलतो, आणि पहिल्या टॅबमधून चढवलेला फोटो दुसऱ्याच मुलाच्या अर्जावर जाऊन बसतो. लोड बॅलन्सर नसतानाही हे घडतं. अर्जाचा क्रमांक प्रत्येक पानाच्या पत्त्यात किंवा फॉर्ममध्ये जाऊ द्या, आणि सर्व्हरवर दर वेळी तपासा की या लॉगिनला त्या अर्जाला हात लावायचा अधिकार आहे का. दोन मुलांचे लॉगिन वेगळे असतील, तर दुसऱ्या लॉगिननंतर पहिला टॅब त्या तपासणीत अडकेल आणि पुन्हा लॉगिन मागेल. ऑपरेटरची थोडी चिडचिड होईल, पण कुणाचा फोटो कुणाला लागणार नाही.

एवढं झालं की सेशन दोन-तीन किलोबाइटांचं उरतं, आणि मग ते कुठे ठेवायचं हा प्रश्न हलका होतो. बारा हजार सेशन गुणिले तीन किलोबाइट म्हणजे छत्तीस मेगाबाइट. कुठेही मावेल.

पहिला पर्याय तुमचाच डेटाबेस. याला कमी लेखू नका. पायथॉनचं जँगो हे फ्रेमवर्क मुळात सेशन डेटाबेसमध्येच ठेवतं. बारा हजार विद्यार्थ्यांनी सरासरी तीस सेकंदांनी एक क्लिक केलं, तर सेकंदाला चारशे विनंत्या होतात, म्हणजे सेशनची चारशे वाचनं आणि तितकीच लेखनं. नीट बसवलेल्या मायएसक्यूएलला हे झेपतं. वर्षभराच्या रोजच्या वापरासाठी मी हेच सुचवेन, कारण सांभाळायची वस्तू एक कमी होते आणि बॅकअप वगैरे सगळं आधीच लावलेलं असतं. पण तुमच्याकडे शेवटच्या दिवशी तोच डेटाबेस मसुदे, अंतिम अर्ज आणि फीच्या नोंदीही घेत असणार. त्या दिवशी त्याच्यावर आणखी एक ओझं नको, म्हणून तुमच्यासाठी रेडिस. मेमकॅश्डही चालेल, तो २००३ पासून आहे आणि साधा आहे, पण मूळ मांडणीत तो पुन्हा सुरू केला की त्यातलं सगळं जातं. रेडिसमध्ये डिस्कवर नोंद ठेवता येते.

सर्व्हरांनी एकमेकांना सेशनच्या प्रती पाठवायच्या, अशीही एक रीत आहे. जावाच्या टॉमकॅटमध्ये ती तयार मिळते. तिथे मुळात प्रत्येक बदल प्रत्येक सर्व्हरला कळवला जातो, म्हणून दोन-चार सर्व्हरपर्यंत ठीक. तुम्ही पीएचपीत आहात, त्यामुळे त्यात शिरत नाही.

रेडिसकडे जाताना जिथे लोक घसरतात त्या जागा मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथे मी स्वतः घसरलो आहे.

काही वर्षांपूर्वी परीक्षा-शुल्क भरायच्या एका पोर्टलवर संध्याकाळी सातनंतर लोक लॉगआउट व्हायचे. दिवसा सगळं सुरळीत. पीएचपीच्या लॉगमध्ये काही नाही, रेडिस चालू, लोड बॅलन्सर ठणठणीत. आम्ही दोन दिवस लोड बॅलन्सरच्याच मागे लागलो होतो. शेवटी रेडिसवर 'इन्फो स्टॅट्स' ही आज्ञा दिली आणि 'इव्हिक्टेड कीज' हा आकडा दिसला. मिनिटाने पुन्हा दिली, आकडा वाढलेला. पुन्हा दिली, आणखी वाढलेला. त्याच रेडिसमध्ये आम्ही निकालांची तयार पानंही कॅश करत होतो. स्मृतीची मर्यादा एक गिगाबाइट होती, आणि भरली की सगळ्यात जास्त वेळ न वापरलेल्या किल्ल्या (रेडिसमधल्या नोंदी) काढून टाकायचं धोरण, 'ऑल-कीज एलआरयू', मीच लावलं होतं. कॅशसाठी ते धोरण योग्यच आहे. पण रेडिसला काय माहीत की कुठली किल्ली कॅशची आणि कुठली एखाद्या माणसाच्या लॉगिनची! त्यातून जो विद्यार्थी एकाच पानावर शांतपणे टाइप करत बसलाय, त्याची किल्ली सगळ्यात जुनी दिसते, म्हणून तीच आधी जायची. जो जास्त वेळ घेऊन काळजीपूर्वक भरतोय त्यालाच बाहेर काढलं जात होतं. ते कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

म्हणून सेशनसाठी वेगळा रेडिस चालवा. एकाच रेडिसमधला वेगळा डेटाबेस क्रमांक पुरत नाही, कारण स्मृतीची मर्यादा आणि काढून टाकायचं धोरण पूर्ण रेडिसला मिळून एकच असतं. सेशनच्या रेडिसला 'नो-इव्हिक्शन' ठेवा. स्मृती भरलीच तर तो लिहायला नकार देईल, लॉगमध्ये चूक दिसेल आणि तुम्हाला लगेच कळेल. आणखी एक: दुरुस्ती चढवताना 'कॅश साफ करा' म्हणून कुणीतरी 'फ्लशऑल' देतो. ती आज्ञा त्या रेडिसमधले सगळे डेटाबेस रिकामे करते. दोन्ही वेगळे असतील तर निदान लॉगिन तरी वाचतील.

दुसरी घसरण वेळेची. पीएचपीत सेशनचं आयुष्य मुळात १४४० सेकंद, म्हणजे चोवीस मिनिटं. पण फाइलवर चालताना ते तंतोतंत पाळलं जात नाही. डेबियन आणि उबंटूवर जुन्या फाइली साफ करायचं काम दर तासाला ९ आणि ३९ मिनिटांनी चालतं, त्यामुळे एखादी फाइल चोवीसऐवजी चाळीस-पन्नास मिनिटंही जगते. रेडिसमध्ये मात्र किल्लीला मुदत लागते आणि चोविसावं मिनिट संपताच ती जाते. मग लोक म्हणतात, रेडिस लावल्यापासून जास्त लॉगआउट होतंय. रेडिस फक्त तुम्ही दिलेला आकडा खरा मानतोय. तुमच्या अर्जात गुणपत्रिका शोधून भरायच्या आहेत, मुलगा आईला कपाट उघडायला लावतो, वेळ लागतोच. दोन तास ठेवा, म्हणजे ७२०० सेकंद, आणि कुकीची मुदतही त्याच्याशी जुळवा. मात्र सायबर कॅफेचा विचार करता लॉगआउटचं बटण मोठं आणि ठळक ठेवा, आणि ते दाबल्यावर फक्त कुकी पुसू नका, रेडिसमधली किल्लीही पुसा.

तिसरी घसरण सगळ्यात फसवी. पीएचपी फाइलवर चालते तेव्हा सेशन उघडताच त्या फाइलीला कुलूप लागतं, आणि त्याच विद्यार्थ्याची दुसरी विनंती पहिली संपेपर्यंत थांबते. रेडिसच्या पीएचपी एक्स्टेन्शनमध्ये हे कुलूप मुळात बंद असतं. आता बघा: विद्यार्थी फोटो आणि सही दोन्ही एकदम चढवतो. दोन विनंत्या दोन सर्व्हरवर. दोघांनीही सेशन वाचलं, तेव्हा त्यात काहीच नव्हतं. फोटोवाल्याने 'फोटो चढला' असं लिहून सेशन परत ठेवलं. सहीवाल्याने आपल्या जुन्या प्रतीत 'सही चढली' लिहून पूर्ण सेशन परत ठेवलं. फोटोची नोंद पुसली गेली. विद्यार्थ्याला 'फोटो चढवा' असं पुन्हा दिसतं, पण फाइल तर चढलेली असते. कुलूप चालू करा, त्यासाठी स्वतंत्र सेटिंग आहे, आणि त्यासोबत ज्या पानाला सेशन फक्त वाचायचंय तिथे वाचून झाल्यावर लगेच सेशन बंद करणारं फंक्शन बोलवा, म्हणजे कुलूप उगाच अडून राहणार नाही. फोटो-सहीची नोंद मसुद्याच्या ओळीत वेगवेगळ्या रकान्यांत असेल, तर हा प्रश्न मुळातच उरत नाही.

रेडिस बंद पडला तर? तोही एकच असेल तर तुम्ही अपयशाची जागा फक्त हलवलीत. एक प्रतिकृती ठेवा, आणि मुख्य कोण हे ठरवायला सेंटिनल (रेडिसवर नजर ठेवणारा त्याचाच सोबती प्रोग्राम) निदान तीन ठिकाणी चालवा. रेडिस प्रतिकृतीला बदल थोड्या उशिराने पाठवतो, त्यामुळे बदलाबदलीत शेवटच्या क्षणाची काही लेखनं जाऊ शकतात. सेशनमध्ये फक्त ओळख असेल तर हा तोटा परवडतो. जोडणीची वेळमर्यादा मात्र एक-दोन सेकंदांची नक्की घाला. ती नसली की रेडिस थोडा जरी अडखळला तरी पीएचपीचे विनंत्या हाताळणारे सगळे वर्कर त्याची वाट बघत उभे राहतात, आणि सेशन न लागणारं मुखपृष्ठही उघडत नाही. रेडिसचं ६३७९ पोर्ट खासगी नेटवर्कवरच ठेवा आणि पासवर्ड लावा. त्यात हजारो लोकांची लॉगिन आहेत.

जेडब्ल्यूटीबद्दल. हे मानक २०१५ चं, आरएफसी ७५१९. यात माहिती सही करून वापरकर्त्याच्याच हातात दिली जाते, सर्व्हरला काही लक्षात ठेवावं लागत नाही. ऐकायला छान आहे, आणि एका सेवेने दुसऱ्या सेवेशी बोलताना मीही वापरतो. पण सही म्हणजे कुलूप नव्हे. आतला मजकूर कुणीही वाचू शकतो. आणि मुख्य अडचण अशी की दिलेलं टोकन परत घेता येत नाही. कॅफेत विसरलेलं लॉगिन विद्यार्थ्याने फोन करून बंद करायला सांगितलं, तर तुम्हाला रद्द टोकनांची यादी ठेवावी लागेल, ती दोन्ही सर्व्हरना दिसायला हवी, म्हणजे फिरून सामाईक साठवणच आली. तुमच्या कामासाठी जेडब्ल्यूटी नको.

फी भरून परत येताना लोक लॉगआउट झालेले दिसतात, असंही तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. त्याचं कारण बहुतेक लोड बॅलन्सर नाहीच. २०२० पासून क्रोम, कुकीवर सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत ती जाऊ द्यायची का, हे सांगणारी खूण) लिहिलेलं नसेल तर ती 'लॅक्स', म्हणजे मध्यम कडक, समजतो. पेमेंट गेटवे विद्यार्थ्याला तुमच्याकडे पोस्ट विनंतीने, म्हणजे फॉर्म पाठवावा तसा, परत पाठवतो, आणि दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टसोबत लॅक्स कुकी जात नाही. त्यात एक सवलत आहे: सेमसाइट न लिहिलेली कुकी दोन मिनिटांच्या आत दिलेली असेल तर ती जाऊ देतात. म्हणून तुमच्या कार्यालयात भराभर चाचणी घेतली की सगळं ठीक दिसतं, आणि खरा विद्यार्थी, ज्याची कुकी तासाभरापूर्वीची आहे, तो परत येतो तो अनोळखी होऊन. वर त्या परतीच्या पानावर तुमचा कोड सेशन सुरू करत असेल, तर कुकी आली नाही म्हणून नवं सेशन निघतं, नवी कुकी जाते आणि जुनी, चांगली कुकी पुसली जाते. उपाय: त्या पानावर सेशन सुरूच करू नका. गेटवेने पाठवलेल्या ऑर्डर क्रमांकावरून आणि त्याच्या सहीवरून व्यवहार पडताळा, डेटाबेसमध्ये नोंदवा, आणि ब्राउझरला तुमच्याच पावतीच्या पानावर रीडायरेक्ट करा. त्या साध्या गेट विनंतीसोबत (पान उघडायची नेहमीची विनंती) लॅक्स कुकी येते. गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला जो थेट निरोप पाठवतो त्यात तर कुकी कधीच नसते, त्यामुळे फीची नोंद सेशनवर अवलंबून असताच कामा नये.

लॉगिन होताच सेशन क्रमांक बदलायचा, हे तुम्ही करत असालच. नसाल तर करा, नाहीतर कुणीतरी आधी ठरवून दिलेल्या क्रमांकावर दुसऱ्याचं लॉगिन चढवता येतं. फक्त जुना क्रमांक त्याच क्षणी नष्ट करू नका. खेड्यातल्या कमकुवत नेटवर्कवर नव्या कुकीचं उत्तर अर्ध्या वाटेत तुटतं, ब्राउझरकडे जुनाच क्रमांक राहतो, आणि तो तुम्ही मारून टाकलेला असतो. जुन्या सेशनवर 'बदलला' अशी खूण आणि वेळ लिहून ते एखादं मिनिट जिवंत ठेवा.

बाकीच्या बारीक गोष्टी भराभर. फोटोचं पूर्वदर्शन सर्व्हरच्या तात्पुरत्या फोल्डरात ठेवत असाल तर ते दुसऱ्या सर्व्हरला दिसणार नाही, ते सामाईक साठवणीत न्या. पीएचपीचं लॅराव्हेल फ्रेमवर्क वापरत असाल तर दोन्हींवर ॲप की एकच हवी, नाहीतर एकाने कूटबद्ध केलेली कुकी दुसऱ्याला उघडत नाही. एचटीटीपीएस लोड बॅलन्सरवर संपत असेल तर मूळ विनंती सुरक्षित होती हे पुढे कळवणारं हेडर ॲप्लिकेशनला वाचायला लावा, मग सेक्युअर कुकी नीट जातील. दोन्ही सर्व्हरची घड्याळं जुळलेली असू द्या. आणि हेल्थ चेक (सर्व्हर चालू आहे का याची लोड बॅलन्सरने करायची तपासणी) मुखपृष्ठावर लावू नका. एचएप्रॉक्सी मुळात दर दोन सेकंदांनी तपासतो, त्याच्याकडे कुकी नसते, म्हणून प्रत्येक तपासणीला एक नवं सेशन निघतं: एका सर्व्हरमागे दिवसाला ४३,२०० सेशन, तेही एकही विद्यार्थी आलेला नसताना. सेशन न उघडणारं वेगळं छोटं पान त्यासाठी करा.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. आज कुकीवर आधारित स्टिकी. या आठवड्यात मसुदे डेटाबेसमध्ये, कारण खरं संरक्षण तेच आहे. मग एखाद्या दिवशी पहाटे चारला रेडिसवर बदल. तेव्हा जी दोन-चार लॉगिन असतील ती एकदा जातील, पण मसुदे शाबूत असल्यामुळे कुणाचं काही बिघडणार नाही. त्यानंतर स्टिकी काढून टाका. 'राहू दे, काय बिघडतंय' असं वाटेल, पण ती राहिली की सर्व्हरवर चुकून अडकलेल्या गोष्टी झाकल्या जातात आणि नेमक्या शेवटच्या दिवशी वर येतात.

तपासणी अशी करा. प्रत्येक उत्तराच्या हेडरमध्ये कुठल्या सर्व्हरने उत्तर दिलं ते नाव घाला, लॉगमध्येही घाला. पूर्ण सेशन क्रमांक लॉगमध्ये लिहू नका, त्याच्या हॅशची पहिली काही अक्षरं पुरतात. लॉगिन करून मिळालेली कुकी कर्ल (कमांड लाइनवरून विनंती पाठवणारं साधन) वापरून थेट एका सर्व्हरला दाखवा, मग थेट दुसऱ्याला, दोन्हीकडून तेच नाव यायला हवं. मग एक जण साध्या मोबाइलवर अर्ज भरायला बसवा, आणि तो तिसऱ्या पानावर असताना पहिला सर्व्हर खरोखर बंद करा. त्याला त्याच्या स्क्रीनवर काही कळलं का ते विचारा. पहिला चालू करून दुसरा बंद करा. मग मुख्य रेडिस बंद करा आणि प्रतिकृती किती सेकंदांत जागा घेते ते घड्याळ लावून मोजा. शेवटी त्याच मोबाइलचं वाय-फाय काढून मोबाइल डेटावर फी भरायला लावा, मध्ये पाच मिनिटं मुद्दाम थांबवून. पावतीवर त्याचंच नाव, त्याचाच फोटो आणि त्याचीच सही दिसली, की तिसरा सर्व्हर निर्धास्त जोडा.